शुक्रवारची बाग

मुअत्तर आमच्या गल्लीत सून होऊन आली तेव्हा तिच्या हाताला माती माहीत नव्हती. इस्फरा शहरात, बाजाराशेजारच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मुलगी. माहेरी हिरवं म्हणून काय ते खिडकीतल्या कुंडीतलं रेहानचं सुगंधी रोप. पण इंजेक्शन द्यायला हात इतका हलका, की वर्षभरात सगळी गल्ली तिच्यापुढे बाही वर करून बसायला लागली. सकाळी ती दवाखान्यात नर्स, संध्याकाळी घरोघरी फिरून कुणाला इंजेक्शन, कुणाला सलाइन. नवरा नुस्रत खुजंदला मिनीबस न्यायचा, पहाटे निघाला की दिवेलागणीला परत. दोन मुली. परवीना तेरा-चौदा वर्षांची, आणि मलिका अजून शाळेत न जाणारी. त्या घरात दुपारच्या जेवणाला दोन माणसं एका वेळी सापडली तरी मोठी गोष्ट.

आणि मुअत्तरचे सासरे, सैफुद्दीन. आम्ही सगळे त्यांना सैफी बोबो म्हणतो, म्हणजे सैफी आजोबा. मी होसियत, त्यांच्या भिंतीच्या अलीकडची. दोन्ही परसांच्या मधल्या मातीच्या भिंतीत एक छोटं दार आहे, बोबोंची बायको जिवंत होती तेव्हापासूनचं. तिचं मीठ संपलं की ती त्या दारातून यायची, माझा नवरा चिडला की मी जायची.

त्या धावत्या घराला खायला घालायचं ते बोबोंच्या परसानं. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, गाजर, कांदा, कोथिंबीर, वर द्राक्षाचा मांडव, कडेला एक बिहीचं आणि एक जुनं जर्दाळूचं झाड. मुअत्तर घाईत घरी आली की ओट्यावर धुतलेली भाजी तयार असायची. ती कुठून येते, तिला पाणी कोण देतं, याचा विचार करायला तिला वेळ नव्हता. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

परसाच्या टोकाला तीन छोटी कलमं होती. बोबोंच्या बायकोनं पहिला मुलगा झाला तेव्हा पाटाच्या काठाला एक जर्दाळू लावला होता. त्याची चव मी अजून कुठे चाखलेली नाही. रस्ता रुंद केला तेव्हा तो तोडला गेला. झाड पडायच्या आदल्या वसंतात बोबोंनी त्याच्या काड्या काढून तीन खुंटांवर बांधल्या होत्या. बायको तर आधीच गेलेली. त्या तीन कलमांपाशी बोबो चहा प्यायला बसायचे, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा रिवाजच झाला होता.

त्या जूनमध्ये जुना जर्दाळू पिकायला लागला. रविवारी सकाळी मुअत्तर बाहेर पडताना म्हणाली, "बोबो, शिडी मी आल्यावर लावा. मी धरते." जवळच एका म्हातारीला सलाइन लावायची होती. शीर सापडेना, मग सलाइन उतरेना. अर्धवट टाकून उठता येत नव्हतं. बोबोंनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि एकटेच चढले. शिडी पडल्याचा आवाज मी ऐकला. मी दारातून पोचले तेव्हा ते पिकलेल्या जर्दाळूंच्या मधोमध आडवे होते आणि मला सांगत होते, "होसियत, आधी बादली उचल, फळं चिरडतील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. थोरला मुलगा हबीब राजधानीत, दुशानबेला असतो, तो गाडी घेऊन आला. ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं, आणि पुढचे काही महिने बोबोंनी तिकडेच राहायचं. गाडीच्या मागच्या सीटवर निजवलेल्या अवस्थेत त्यांनी मुअत्तरला जवळ बोलावलं.

"केलिन," ते म्हणाले. सुनेला आमच्याकडे केलिन म्हणतात. "परस तुझ्यावर सोडून चाललोय. दुसरं काही मेलं तरी चालेल. ती तीन कलमं तेवढी जगव. गुरुवारचं पाणी चुकवू नकोस."

"तुम्ही निर्धास्त जा," मुअत्तर म्हणाली. शिडीबद्दल एक शब्द दोघांपैकी कुणी काढला नाही.

आमच्या गल्लीत पाटाचं पाणी पाळीनं येतं. बोबोंची पाळी गुरुवारी दुपारी. नेमका गुरुवार हा दवाखान्यात बाळांना लस टोचायचा दिवस. पहिल्या गुरुवारी मुअत्तर रजा मागून आली, पांढरा झगा गुंडाळून पाण्यात उभी राहिली, वाफे भरले. दुसऱ्या गुरुवारी रजा मिळाली नाही. तिनं परवीनाला पाटाच्या तोंडाची फळी कशी उचलायची, कधी खाली टाकायची ते समजावलं. पोरीनं फळी उचलली, पाणी सोडलं, आणि तेवढ्यात मलिकाच्या तळव्यात काच घुसली. परवीना तिला काखोटीला मारून दवाखान्याकडे पळाली. फळी वरच राहिली. संध्याकाळी घरी येऊन बघतात तो टोमॅटोचे वाफे म्हणजे तळं झालेलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं ते पाणी तापवलं आणि रोपं उभ्या उभ्या शिजली.

मुअत्तरनं परवीनाच्या थोबाडीत दिली. तिनं मुलींवर कधी हात उगारला नव्हता. परवीना रडली नाही, पण त्या दिवसापासून पाटाकडे फिरकलीही नाही, आणि तिला परत सांगायचं तोंड मुअत्तरला राहिलं नाही.

मी असते तर एवढं होऊ दिलं नसतं. पण मी त्या वेळी कोनिबोदोमला, मुलीच्या बाळंतपणाला. माझं परस माझ्या म्हाताऱ्यानं सांभाळलं. त्याला पाणी सोडता येतं, शेजारी डोकावता येत नाही.

पुढचे गुरुवार असेच गेले. त्या वर्षी गोवर निघाला होता, दवाखान्यातून मुअत्तरला सुटका नव्हती. नुस्रत म्हणायचा, रविवारी बघू. रविवारी त्याची गाडी बिघडायची, नाहीतर लग्नाची खेप मिळायची. तण कमरेएवढं वाढलं. एका संध्याकाळी मुअत्तर परसाच्या टोकापर्यंत गेली, तेव्हा तिन्ही कलमांची पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. तिनं नळाच्या बादल्या वाहिल्या, पुढचे कितीतरी दिवस वाहिल्या. जुनी झाडं तगली, त्यांची मुळं खोल. कलमांची काडी नखानं खरवडली की आत तपकिरी.

मी परत आले त्याच आठवड्यात बोबोंना हबीबच्या घरी उठून बसता यायला लागलं. शुक्रवारी नमाजनंतर त्यांनी नुस्रतला फोन केला, तो नुसता बोलायचा नाही, चित्राचा. म्हणाले, मला माझं परस दाखवा. मुअत्तरनं सांगितलं, कॅमेरा नीट चालत नाहीये. पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून घ्या, ते म्हणाले.

त्या पुढच्या शुक्रवारी ती माझ्या दारात उभी राहिली. मागे नुस्रत, मान खाली घालून. "आपा," ती मला म्हणाली, "तुमचंच परस दाखवू का? थोडा वेळच. बरे होऊन आले की सांगीन सगळं. आत्ता सांगितलं तर ते जेवायचे नाहीत."

मी म्हटलं, या. दुसरं काय म्हणणार? माझे वाफे तिच्या सासऱ्यानंच दिलेल्या बियांचे होते.

तेव्हापासून दर शुक्रवारी हा प्रकार. सगळं कुटुंब माझ्या परसात. नुस्रत फोन धरून पुढे, मुअत्तर बाजूला, मुली मागे, आणि मी तुतीच्या आडोशाला, दिसू नये अशी बसलेली. बोबो एकेक वाफा नीट बघायचे. "मिरची दाट झालीय, एकाआड एक उपट." "टोमॅटोची खालची पानं खुड, मातीला टेकतायत." "काकडीला सकाळीच पाणी दे, दुपारी देऊन कडू करतेस." मुअत्तर म्हणायची, "हो बोबो. करते बोबो." फोन बंद झाला की ती माझ्याकडे बघायची, आणि मी खुरपं घेऊन उठायची. त्या वर्षी माझ्या परसाला जसं पीक आलं तसं आधी कधी आलं नव्हतं. माझा म्हातारा म्हणाला, सैफीला दुशानबेलाच ठेवा.

मी टोपली भरून तिच्या घरी पाठवायची. नुस्रत आणि मुली खायच्या. मुअत्तर बाजारातून विकत आणलेली काकडी चिरून घ्यायची आपल्यापुरती. मी विचारलं तर म्हणाली, तुमचं गळ्याखाली उतरत नाही आपा. बारीक झाली होती. एकदा माझ्या म्हाताऱ्याला इंजेक्शन देताना तिला सुई दोनदा टोचावी लागली. आमच्या गल्लीनं असं कधी पाहिलं नव्हतं.

मध्ये कलमांची गोष्ट आली. बोबो म्हणाले, कलमं दाखवा. मुअत्तरनं माझ्या कोपऱ्यातला एक कोवळा जर्दाळू दाखवला, तोही लांबून. बोबोंनी फोन तोंडाजवळ आणून नीट बघितलं. मग म्हणाले, बरं. आणखी काही आठवड्यांनी म्हणाले, खुजंदहून इकडे येणाऱ्या कुणाबरोबर माझे टोमॅटो पाठवा, खावेसे वाटतायत. नुस्रतनं एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर माझ्या टोमॅटोंची पेटी पाठवली. शुक्रवारी बोबोंनी सांगितलं, पोचले, खाल्ले, चांगले आहेत. मुअत्तर त्या रात्री झोपली नाही म्हणे.

नुस्रतला मात्र यात एवढं काही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोय, कुणाचं काय जातंय, असं तो म्हणायचा. आल्यावर बघू. तो वाईट नाही. त्याला फक्त सगळ्या गोष्टी आल्यावर बघायच्या असतात.

मोडलं ते मलिकामुळे. सुरुवातीला ती पोर सारखी विचारायची, की बोबोंची झाडं तर मेली ना, मग आपण आपांच्या इथे का दाखवतो? एकदा फोन चालू असतानाच तिनं तोंड उघडलं आणि मुअत्तरनं ते हातानं दाबलं. त्यानंतर ती गप्प झाली. ऑगस्ट संपताना एका शुक्रवारी मात्र ती आपण होऊन पुढे धावली, माझ्या वेलावरून एक टोमॅटो तोडला, फोनसमोर धरला आणि म्हणाली, "बोबो, बघा, हा मी लावलेला. मी रोज पाणी घालते. तुमच्या कलमांनापण मीच घालते." कुणी शिकवलं नव्हतं. चेहरा असा निरागस की मीसुद्धा क्षणभर खरं मानलं.

"शाब्बास माझी राणी," तिकडून बोबो म्हणाले.

मुअत्तर तिथेच पाटाच्या कडेला बसली. फोन बंद झाल्यावरही उठेना. मी पाणी आणलं. ती म्हणाली, "आपा, हे मी शिकवलं तिला. एवढ्याशा पोरीला."

सोमवारी तिनं रजा टाकली. गुरुवारच्या पाण्यासाठी न मिळालेली रजा आता मिळाली, कारण तिनं विचारलंच नाही, येणार नाही असं कळवलं. भाड्याच्या गाडीत चार परक्या माणसांबरोबर बसून, घाट ओलांडून ती दुशानबेला गेली. तिथे काय झालं ते तिनं मला परत आल्यावर सांगितलं, पाटाच्या कडेलाच बसून.

हबीबच्या घरचे कामावर गेलेले. बोबो सातव्या मजल्याच्या खिडकीशी खुर्चीवर. तिला बघून त्यांनी आधी मुलींची खुशाली विचारली. ती चहा करायलाही थांबली नाही. उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. टोमॅटो कसे शिजले, तण कसं वाढलं, कलमं कशी गेली. दाखवलेलं परस होसियत आपांचं. पेटीतले टोमॅटोही त्यांचेच. आणि शेवटी शिडी. मी वेळेवर आले असते तर तुम्ही इथे बसला नसता.

बोबोंनी तिला बसायला सांगितलं.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," ते म्हणाले. "टोमॅटो चिंध्यांनी बांधले होते. फुलाफुलांच्या चिंध्या. होसियतचा तो झगा मी किती वर्षं भिंतीवर वाळत घातलेला बघतोय. माझ्या परसात सुतळी असते."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या संध्याकाळी फार राग आला होता. जेवलो नाही. हबीबला म्हटलं, उद्या मला घरी सोड, एकेकाला बघतो. मग दुसरा शुक्रवार आला. केलिन, नुस्रत आधी फोन करायचा तो गाडी चालवता चालवता. कसे आहात, बरे आहात, ठेवतो. शुक्रवारी मात्र तुम्ही सगळे यायचात. परवीनाची उंची वाढलेली दिसायची. मलिकाचा पडलेला दात दिसायचा. मी बोललो असतो तर तुम्ही बंद केलं असतंत. मलाही इथे दुसरं काय होतं?"

"आणि टोमॅटो?"

"होसियतच्या टोमॅटोची साल जाड असते," बोबो म्हणाले. "ती राख जास्त घालते."

हे मुअत्तरनं मला जसंच्या तसं सांगितलं. सांगायलाच हवं होतं असं नव्हतं.

कलमांकडे ते शेवटी वळले. तिन्ही? त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. एकही काडी नाही? ती नाही म्हणाली. मग ते शिडीबद्दल बोलले. "शिडी धरायला तू नव्हतीस, हे खरं. मी थांबलो नाही, हेही खरं. ते तू एकटी वाहू नकोस." कलमांबद्दल तसं काही म्हणाले नाहीत. तिला चहा करायला लावला, नान खायला लावली, आणि गाडी चुकेल म्हणून लवकर पाठवलं.

"रागावले असते तर बरं झालं असतं आपा," ती मला म्हणाली. "मी वाटभर रडत आले."

बोबो ऑक्टोबरात घरी आले, चौपायी काठीवर. नुस्रतनं तण काढून ठेवलं होतं. ते हळूहळू परसाच्या टोकापर्यंत गेले, बघितलं, वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की तुमच्यासारख्या धावत्या माणसांना एवढं मोठं परस झेपायचं नाही, आणि मला आता वाकता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारापाशी चार वाफे ठेवा, येता जाता दिसतील असे. मागच्या जागेत लसूणघास पेरा, तो होसियतच्या गाईला जाईल आणि तिचं दूध आपल्याला येईल. गुरुवारची पाळी होसियतला द्या, तिची रविवारची आपण घेऊ. माझ्या म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला, मला सगळे वार सारखेच. इतकं सोपं होतं ते. जूनमध्ये कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुअत्तर ते ऐकताना माझ्याकडे बघत होती, आणि मी दुसरीकडे.

तिनं परवीनाची माफी मागितली, त्या थोबाडीबद्दल. परवीना म्हणाली, ठीक आहे आई. पण फळी उचलायला ती आली ती हिवाळा सरल्यावरच.

सगळा हिवाळा बोबो मुअत्तरशी पाहुण्यासारखे वागले. पूर्वी चहा गार झाला तर म्हणायचे, केलिन, हा चुलीवर केलास की बर्फावर? आता म्हणायचे, बस बेटी, दमली असशील. ती बसायची आणि तिला घास जायचा नाही. भिंतीच्या दारातून माझ्याकडे येऊन म्हणायची, आपा, ते फार गोड बोलतात. हे किती दिवस चालणार? मी म्हणायची, चांगलं बोलतायत तर ऐक. पण तिला काय म्हणायचंय ते मला कळत होतं.

मार्चमध्ये तिनं स्वतः कांद्याची रोपं लावली. रविवारचा दिवस, पाटाला पाणी, नुस्रत आणि परवीना फळीपाशी. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते. बोबो खुर्ची दारात ओढून बसले होते. मुअत्तरनं दोन ओळी लावल्या, तिसरी लावायला घेतली, आणि बोबोंचा आवाज चढला. इतका, की रस्त्यावरचा माणूस थांबला.

"कांदा लावतेस की मढं पुरतेस? गळ्यापर्यंत गाडलास तो. फुगणार कुठे, तुझ्या कपाळात? दहा वेळा सांगितलं, नुसतं मूळ झाकायचं. कान कुठे असतो तुझा? पाणी सांगितलं, ते विसरलीस. तीन झाडं होती माझी. तीन. तिच्या हातची तेवढीच राहिली होती. एक तरी ठेवायचीस. एका झाडाला रोज एक तांब्या पाणी, एवढं जड होतं तुला?"

नुस्रत पुढे यायला निघाला, पण मुअत्तरनं हातानं त्याला थांबवलं. ती मातीत गुडघ्यावर होती, तशीच राहिली. बोबो बोलत राहिले, नंतर धाप लागली म्हणून थांबले. परसात नुसता पाटाच्या पाण्याचा आवाज.

मुअत्तरनं पहिल्या ओळीतला पहिला कांदा उपटला, वर घेतला, फक्त मूळ मातीत राहील असा परत लावला, आणि त्यांच्याकडे बघितलं.

"अजून वर," बोबो म्हणाले.

तिनं अजून वर घेतला.

"हं. आता सगळे तसे कर. आणि मलिकाला सांग, चहा आण. सकाळचा गार होता."

ती सगळे कांदे उपटून परत लावेपर्यंत ऊन कलत आलं. मी शुर्बो, म्हणजे आमचा पातळ रस्सा, केला होता, दारातून वाडगा पुढे केला. तिनं तो घेतला, हात न धुता तिथेच बांधावर बसली आणि माझ्या परसातला बटाटा, गाजर, सगळं खाल्लं. मग म्हणाली, आपा, अजून थोडा आहे का?